उशिरा निघालेली सायकल

साडेपाचला निघायचं ठरलं होतं, कोपरीहून.
निघाले पावणेआठला.
मागच्या चाकातली हवा रात्रीतून कुठे गेली
ते सायकलीलाच ठाऊक.

घोडबंदरच्या चढाला तीनदा उतरले.
ट्रकमधून एक क्लीनर ओरडला, "मावशी, दम खा!"
खाल्ला.
वर राजगिऱ्याचा लाडूही.

भाईंदर सुटलं. मुर्धा, राई,
मिठागरांतले पांढरे ढीग,
आणि तिथेच, अकराच्या सुमारास,
कुणीतरी समोरून दार लोटलं.

वाऱ्याशी माझी बावन्न वर्षांची ओळख
म्हणजे दोरीवरचे कपडे आणि छताचा पंखा.
इथे तो अंगानिशी रस्त्यात उभा.
पायडल मारावं आणि जागच्या जागी म्हातारं व्हावं.
सपाट रस्त्याला चढ.
डोक्यावर एक कावळा पंख मारत होता,
तोही पुढे सरकत नव्हता.
आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

उत्तनला वलांडीवर बोंबील,
जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने,
सगळे एकाच अंगाला झुललेले.
खाली जसिंताबाई, कमरेला पदर खोचून.
मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाली,
"वाऱ्यात बोंबील सुकतात गो,
तू कशी भिजलीस?"

पाणी दिलं, मग हिशेब:
सकाळी मतलई, जमिनीकडून दर्याकडे.
दुपारी खारा, दर्याकडून जमिनीकडे.
"आमची होडी जाताना वाऱ्यावर, येताना वाऱ्यावर.
तू झोपून राहिलीस, बाय.
वारा काय तुझ्यासाठी थांबेल?"
पंक्चरचं सांगणार होते. नाही सांगितलं.

चौकाच्या टोकापर्यंत गेले.
समुद्र मळकट, रागावलेला वगैरे नाही,
नुसता कामात असलेला.
दहा मिनिटं बसले. चष्म्यावर खार धरली.

परतताना वारा बंद पडला.
होड्यांची निशाणं फडफडत होती,
माझ्या कानांत मात्र शांतता,
आणि पायांत हे कुठलं बळ!
मोर्वा, राई, मुर्धा भराभर मागे.
म्हटलं, जमतंय की.
सराव झाला बहुतेक.

मिठागरापाशी समोरून एक पोरगा आला,
हँडलवर ओणवा, दात आवळून,
शर्टाचा फुगा पाठीवर,
जागच्या जागी म्हातारा होत.

मी घंटी वाजवली, त्याला धीर म्हणून.
त्याने मान वर केली नाही.
तो आवाजसुद्धा
माझ्याच बाजूने वाहून आला.