पाच हजार सातशे अठरा

चाळीस वर्षं मी ओर्ताच्या बंदरात,
अटलांटिकच्या ऐन मधोमध,
आल्यागेल्या बोटी वहीत मांडल्या:
झेंडा, कप्तान, वजन, माल.
आता फ्रीजवरच्या जुन्या कॉम्प्युटरला
तेच काम लावून दिलंय.
तो रात्रंदिवस गुरगुरतो. दूध त्यामुळे नासतं
हे बायकोचं काहीतरीच.

आधी एकवीस नंबरावर होतो.
जगाला पाठ असलेलं दार.
सकाळी नोंद उघडावी तर रात्रभर थापाच थापा –
रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, परत रूट.
एक पठ्ठ्या अडीचपासून उजाडेपर्यंत
नुसते पासवर्ड बदलत बसलेला.
असा चिवट कारकून आमच्या कस्टममध्ये एक असता तर!

शेजारचा झेफेरिनो रडार दुरुस्त करतो. तो म्हणाला,
कुलूप भक्कम कर, आणि दारही जरा आडबाजूला ने.
जन्मसाल नको, ते सगळेच घालतात.
म्हणून ५७१८.
वडिलांच्या होडीवर पांढऱ्या रंगात होता.
होडी केव्हाच चुलीत गेली,
नंबर माझ्या तोंडात राहिला.

त्या दिवसापासून नोंद कोरी.
खरं सांगतो, दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं.

रविवारी टोरोंटोहून लुसीलियाने दार वाजवलं.
नाव बरोबर. पासवर्ड बरोबर.
या, असं माझ्या यंत्राने म्हटलंसुद्धा.
आणि पुढे काहीच नाही.
ती तिकडे फोन कानाला लावून, मी इकडे,
ना यादी येते, ना नकार.

झेफेरिनो भरल्या ताटावरून उठून आला.
बोलायचं दार एक, म्हणाला,
माल उतरवायचं दुसरं.
तू नुसतं बोलायचंच उघडलंयस.
बंदरात जन्म काढलेल्या माणसाला
हे त्याने सांगावं!
राउटरमध्ये आणखी दहा धक्के मोकळे केले.

तेव्हा कुठे आली. कॅसेट तीन, बाजू दुसरी,
चौतीस मेगाबाइट.
चौऱ्याहत्तर साली आईने बोलून पाठवलेली.
ज्या बोटीने गेली
तिची नोंद माझ्याच अक्षरात असणार:
टपाल, नऊ पोती.
पोत्यात काय, असा रकाना नव्हता.

आई सांगते: यंदा कोबी किडला,
पाद्री बदलला, गाय व्याली, मामाचा गुडघा तसाच.
आणि मधेच, ओलेगारियो इथेच बसलाय,
बोल रे बहिणीशी.

खुर्ची करकरते.
अकरा सेकंद टेप नुसती फिरते.
कुणीतरी श्वास घेतं,
बोलायच्या आधी घेतात तसा.

मग पुन्हा आई:
बरं, तर कोबीचं सांगत होते.