गेंड्याच्या गळ्यातला दाणा

चार असतात, डॉक्टर प्राइस म्हणाल्या,
थायरॉईडच्या पाठीला चिकटून,
मसुराच्या दाण्याएवढ्या. त्यातली एक माजलीय.

माजलीय हा शब्द माझा.
त्या इंग्रजीत काहीतरी सभ्य बोलल्या होत्या.

रक्तात कॅल्शियम वाढलंय, ते हाडांतून येतंय.
म्हणजे एक दाणाभर बाई
माझ्या हाडांच्या दारात उभी राहून
रोज वसुली करतेय.
कधीपासून होतंय हे, त्यांनी विचारलं.
हॅमरस्मिथच्या त्या खिडकीखालून
सात नंबरची बस रिकामीच गेली.

कधीपासून.
किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या तेव्हापासून?
मुतखड्याने रात्रभर लोळवलं तेव्हापासून?
की सॉर्टिंगला उभी असताना
हॅरोची पाकिटं हल्लच्या खणात टाकू लागले
आणि डेरेक म्हणाला, घरी जा, झोप काढ?
जीपी म्हणाले, वय.
हे म्हणाले, थंडी.

की सासूबाई गेल्या त्या आठवड्यापासून?
मिरजेला सगळ्याजणी ओक्साबोक्शी रडत होत्या
आणि मी चहाचे कप मोजत होते.
माझी दोन्ही बाळंतपणं ज्यांनी काढली
त्यांच्या पायांशी मी बसले
आणि मनात आलं ते एवढंच,
की बशा दोन कमी आहेत.
आत काही हललंच नाही. विहिरीत दगड टाकावा
आणि आवाज येऊ नये, तसं.
तेराव्याला, भरल्या स्वयंपाकघरात,
कुमुदवन्सं म्हणाल्या,
गेंड्याची कातडी आहे तुमची.
ते चार शब्द हीथ्रोपर्यंत
माझ्या शेजारच्या सीटवर बसून आले.

ऑपरेशनच्या सकाळी
गळ्यावर निळ्या पेनाने खूण करता करता
डॉक्टर प्राइस सहज बोलल्या:
ही ग्रंथी पहिल्यांदा कुणात दिसली, ठाऊक आहे?
एका गेंड्यात. इथल्याच झूमध्ये मेला होता,
पावणेदोनशे वर्षं होतील.
तुमच्याकडचा होता.

मी हसले. पेन हललं.
त्यांना खूण पुसून पुन्हा करावी लागली.

भूल चढेपर्यंत तो माझ्यासोबत होता.
कुठल्या गवतातून उचलला असेल,
जहाजात कुणी पाणी दाखवलं असेल,
लंडनच्या धुक्यात इतकी वर्षं
कुणाकडे पाहून फुरफुरला असेल.
मग ती कातडी. किती सुऱ्या बोथट झाल्या असतील,
आणि एवढ्या सगळ्या चिलखताच्या आत
गळ्याशी हा पिवळसर दाणा,
मऊ.
उलटे आकडे मोजत होते. सत्त्याण्णवला गेंडा थांबला.

जाग आली तेव्हा ओठांना मुंग्या.
शिजी नावाची नर्स खडूसारखी गोळी घेऊन आली,
लिंबाच्या वासाची. चावा म्हणाली, गिळू नका.
हाडं आपलं उसनं परत घेताहेत,
जरा घाईत आहेत.

चौथ्या दिवशी पोस्टाने कार्ड आलं.
डेरेक आणि सगळ्या शिफ्टच्या सह्या,
आणि पाकिटावर पोस्टकोड चुकलेला.
सॉर्टिंग ऑफिसच्या माणसांनी!
मी दारातच बसले आणि रडू फुटलं.
पोस्टकोडसाठी निघालेलं रडू
थेट मिरजेला पोचलं,
तेलाच्या पितळी वाटीपाशी,
माझ्या पोरीच्या टाळूवर
थापणाऱ्या त्या हातापाशी.
हे धावत आले, टाका उसवला का म्हणून.

रविवारी फोन केला.
सगळं सांगितलं, दाणा, वसुली, गेंडा.
क्षमा वगैरे कुणीच मागितली नाही.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.
मग कुमुदवन्सं म्हणाल्या,
तुमची गाठ फेकली की ठेवली त्यांनी?
तपासायला ठेवलीय, मी म्हटलं, बाटलीत.
बरं.
आणि त्याची?

ठाऊक नाही वन्सं.
टाके काढायला जाईन तेव्हा विचारते.