दोन पाट

डीपी जळाली त्याला आज चौथा दिवस.
लाइनमन उईके सायकल भिंतीला टेकवून
आमच्याच अंगणात दुधाची वाट पाहत बसलाय.
"काऊन जी, आज कायले पायजे लाइट?" म्हणतो
आणि कुणालाच उत्तर सुचत नाही.

खरंच, कायले पायजे.
सोयाबीन निघालेलं वावर पार नाल्यापर्यंत दिसतंय,
कुंपणापलीकडची फुटलेली बोंडं मोजता येतात
आणि वच्छलाकाकू मोजतेही.
तिकडे कुंदा चंद्राकडे तोंड करून
सुईत दोरा ओवते आहे,
तिसऱ्यांदा,
"डोळे शाबूत हायेत माह्ये, सुईच बारीक हाय."

पाच धांड्यांच्या मखरात भुलाबाई,
शेजारी भुलोजी, नाक कुंभारानंच चपटं केलेलं,
महिनाभर गाणी ऐकून दोघांचे कान किटले असतील.
आज शेवटची रात्र.
पोट्ट्या डबा हलवतात, कानाशी नेतात.
लाडू? नाही.
शेव? नाही.
टणटण वाजते, खडीसाखर!
नाही, नाही, हरलो म्हणा.
झाकण उघडतं, आत मुरमुरे
आणि मुरमुऱ्यांत एक सुपारी.
"ते आवाजासाठी टाकली," प्राची म्हणते
आणि मार खाते.

मग माय पाट मांडते. दोन.

कोजागरीला घरातल्या मोठ्या लेकराला ओवाळायचं,
मोठी मी.
पण निरांजन आधी रिकाम्या पाटापुढे फिरतं,
मग माझ्याकडे येतं, थोडं धुरकट होऊन.

लहानपणी विचारलं होतं, हा पाट कोणाचा?
चंद्राचा, म्हणाली.
तो तुझ्याहून मोठा हाय ना.
मला पटलं होतं.
शाळेत मैत्रिणींना सांगितलंही होतं
की आमच्या घरी चंद्र पाटावर बसतो,
तुमच्या घरी नुसता दुधात पडतो.

हळद लागायच्या आदल्या रात्री
माझ्या पायाची नखं कापता कापता ती म्हणाली,
तुह्या आंधी एक होता.
नऊ दिवस.
बारसं बाराव्या दिवशी राहते,
नाव ठेवाचं राहून गेलं.
आणि दुसरा पाय पुढे कर म्हणाली.

दूध उकळलं. चारोळ्या वर आल्या,
वेलची कुणीतरी दोनदा टाकली.
पहिला कप रिकाम्या पाटापुढे,
मग आम्ही सगळे,
मग शेजारचे, मग पोट्ट्या परत एकदा,
आणि उईकेपर्यंत येता येता गंज खरवडला गेला.

राहू द्या काकू, तो उठलाच होता.
मायनं पाटापुढचा कप उचलला,
साय बोटानं बाजूला केली
आणि त्याच्या हातात दिला.

मी भुलाबाईच्या मखराचा एक धांडा
सरळच होता, तो सरळ करत राहिले.

"साखर जास्त पडली जी, काकू."
"त्याले गोड आवडते," माय म्हणाली.

उईकेनं मागे वळून पाहिलं, कोणाले,
मग काही न विचारता
कप तळापर्यंत पिऊन
पाटावर पालथा ठेवला.