साडेतीन तास पुढं

औशात सात वाजले की
शिवलीलाचा फोन येतो सेंदाईहून.
तिकडं साडेदहा झालेले असतात,
लेक माझी साडेतीन तास पुढं राहती.
काय करूलालीस, विचारायच्या आत ती सुरू:

'पप्पा, आज कचरा परत आला.'
परत आला म्हंजे?
'झाकणाचा वार वेगळा, बाटलीचा वेगळा.
ओकुदाबाईंनी पिशवी दाराशी आणून ठेवली
आणि वर त्याच तीनदा वाकल्या.
भांडल्या असत्या, तर मला बोलता तरी आलं असतं.'

परवा तिची सायकल उचलून नेली.
सोडवायला तीन हजार येन.
मी पंक्चर काढता काढता ऐकतो, आणि
किल्ल्याच्या भिंतीला टेकलेल्या गिऱ्हाइकांच्या सायकली
उगाच सरळ करून ठेवतो.

शेंगाचटणी संपली. अर्धी मैत्रिणीनंच खाल्ली,
घटाघटा पाणी पिऊन, परत हात पुढं करून.

'आणि हां, काल वर्ग हलला.
सरांनी खडू थांबवला, दिव्याकडं बघितलं,
राहिलेली ओळ पूर्ण केली.
कुणीच उठलं नाही.
मी मात्र दोन जिने उतरून मैदानात.'

हसले का गं?

'नाही. सरांनी गाव विचारलं.
औसा म्हटलं, तर नकाशात सापडेना.
मग बाजूचं किल्लारी लिहून दिलं.
ते त्यांना माहीत होतं.'

त्र्याण्णव साली ती जन्मलीसुद्धा नव्हती.
मी तिला कधी काही सांगितलं नाही.
जेवलीस का, एवढंच विचारलं.

फोन ठेवला. दार लोटून घेतलं.
कडी मी तेव्हापासून लावत नाही.