सजा

आमच्याकडे सजा असतो तलाठ्याचा:
सात गावं, एक दप्तर, एक कुलूप.
इथे शारजाच्या पाठीमागे, वाळूत,
वस्तीचंच नाव सजा.
पत्ता सांगितला की फोनवर घरचे गप्प व्हायचे.

बावीस जणांचे पासपोर्ट मंदूबच्या तिजोरीत.
पाच महिन्यांचा पगार 'बुकरा'. म्हणजे उद्या.
तेवढं अरबी आम्हाला लवकर आलं.

इद्रिस परकार खेडचा. तिकडे पाट्या रंगवायचा,
'येथे गाडी लावू नये', मिठाईवाल्याचे पेढे.
इकडे आठ वर्षं रस्त्यावर पिवळे पट्टे.

एका शुक्रवारी सिमेंटच्या पिशव्या फाडून बसला.
कपड्यांची नीळ, कोरा चहा, पट्ट्यांतला उरलेला पिवळा.
एकेकाला डब्यावर बसवून विचारत गेला
नाव, गाव, जन्मतारीख.
आईचं नाव?
टेकबहादूर म्हणाला, फूलमाया.
मग परत म्हणाला, फूलमाया.
इद्रिसला पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं.

फोटोत हसायचं नसतं, सगळ्यांना माहीत.
तसेच काढले त्याने.
माझा तीळ तेवढा चुकून डाव्या गालावर.

कपड्यांच्या दोरीवर, चिमट्यांनी, ओळीने.
कुणीतरी फोटो काढून पाठवला. कुठे कुठे फिरला, ठाऊक नाही.
अकराव्या दिवशी कामगार खात्याचा माणूस आला,
इस्त्रीचा कंदुरा, दोरीखालून वाकत वाकत,
एक चेहरा पिशवीवर बघायचा, एक आमच्यात शोधायचा.

"हे सगळे खोटे आहेत," मंदूब म्हणाला.

"हो साहेब," इद्रिस म्हणाला, बोटांची नीळ पुसत.
"खरे ह्यांच्याकडे आहेत.
आणा, जुळवून बघू."

तिजोरी उघडली तेव्हा बाहेर बेचाळीस डिग्री.
सतरा मिळाले. चारांची मुदत
आतल्या अंधारातच उलटून गेलेली.
एक नव्हताच. इद्रिसचा.
दोरीवर बाविसावी पिशवी कोरी होती,
स्वतःला समोर कसं बसवणार?

रात्री आम्ही त्याला डब्यावर बसवलं.
आईचं नाव? हलीमा.
नाक टेकबहादूरने काढलं, वांग्यासारखं झालं.
कान मी काढले. एक वर, एक खाली.
इद्रिस बघून इतका हसला की फोटो बाद झाला असता.
म्हणाला, असू दे, लावा दोरीवर.
साहेब परत येणार आहेत म्हणे.
बुकरा.