मुठीतली नळी

उणे सव्वीस. नारिनमध्ये सगळंच गोठलेलं:
नदी, नळ, डिझेल, रुग्णवाहिकेच्या दाराची कडी.
फक्त तोक्तोसुनचं रक्त
गोठायला तयार नव्हतं.

आधीची पोरं जगली नाहीत
म्हणून आईनं ठेवलेलं नाव. अर्थ: थांबो.
घाटात कोळशाचा ट्रक उलटला, दोन तास तो चाकाखाली.
वाटेत कुणी भल्या मनानं
सलाइनच्या तीन बाटल्या चढवल्या, बर्फगार,
आणि अंगात उरलं होतं तेही पातळ झालं,
पाहुणे वाढले की पाणी ओतलेल्या रश्शासारखं.

डॉक्टर नुर्झात म्हणाली, गुलसायरा, नळी घे.
साधी, काचेची. मुठीत धर. वीस मिनिटं हलवू नकोस.
मी लॅबमधली. जखमा मला दिसत नाहीत,
त्यांचे थेंब भेटतात.

आई दह्याचं भांडं नमद्यात गुंडाळायची,
आम्हाला दटावायची:
सारखं उघडून बघू नका, लाजतं ते.

विसाव्या मिनिटाला नळी कलती केली.
वाहिलं.
लाल, आज्ञाधारक, जिकडे कलवाल तिकडे.
आत टाक्याच्या प्रत्येक भोकातून नवा झरा.
गोठणं वेगळं, साकळणं वेगळं:
एक थंडीचं काम, दुसऱ्याला ऊब लागते.

फ्रिजमधल्या दोन पिशव्या अर्ध्या तासात संपल्या.
मग फोन.
हमामखान्याचा इसाक आला,
भूगोलाच्या बाई, दोन पायांत दोन वेगळे बूट,
एक पोरगेला शिपाई, सुई बघून डोळे मिटलेला.
नातं कुणी विचारलं नाही. फक्त गट.
पिशवी हातात आली की वाटे
कोंबडीखालचं अंडं उचललंय.
या खोलीतून त्या खोलीत, अकरा पावलं,
गार व्हायला सवडच नव्हती.

पहाटे चारला पाचवी नळी.
मूठ थरथरत होती, दुसऱ्या हातानं धरली.
बाराव्या मिनिटालाच धीर सुटला. कलती केली.
हललं नाही.
उलटी केली. तळाला चिकटून बसलेलं,
रुसलेल्या पोरासारखं, घट्ट.
कुणाला न सांगता तशीच पळाले.

एप्रिलमध्ये बाजारात दिसला. काठी, नवी टोपी.
मला ओळखायचं त्याला कारणच नव्हतं.
कोळशाच्या भावावरून हुज्जत घातली त्यानं,
चांगली दहा मिनिटं, गाल लालबुंद करून.
पोतं किलोभर कमीच भरलं.
मला कळलं होतं. पैसे पूर्ण दिले.