टायम लिवा

घाटावरून उतरून अठरा दिवस झाले होते मला.
देवगडच्या दक्षिणेला, खाडीला टेकून,
जांभ्याच्या भिंतींचं आरोग्यकेंद्र,
तीन खाटा आणि एक इन्व्हर्टर, मर्जी असेल तेव्हा चालणारा.
अठरा दिवसांत सर्दी, गळवं,
माशाचा काटा रुतून सुजलेले अंगठे,
एवढंच आलं होतं दारात.

एकोणिसाव्या रात्री पलीकडच्या तीरावरून
होडीतून पोर आलं.

दत्ताराम कोयंड्यांचा धाकटा, वय सात.
जाळ्यांच्या ढिगात चेंडू शोधायला हात घातला, आणि
"इंचू चावलो हो माझ्या झिलाक!"
बाप दारापासूनच ओरडत आला,
आई मात्र गप्प, पोराची एक चप्पल हातात धरून.
पोराचं अंग बर्फातून काढलेल्या सुरमईसारखं गार,
कपाळावर घाम, ओठांच्या कडेनं लाळ.

पुस्तकातलं पान आठवत होतं मला,
डाव्या बाजूचं, खाली चहाचा डाग.
मजकूर नव्हता आठवत.

गोळी अर्धी तोडायला घेतली,
ती टेबलाखाली कुठेतरी गेली.
दुसरी घेतली.
तीही.

कुबल सिस्टरनं पोराकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
माझ्याकडे जरा जास्त वेळ.
वाटलं, आता बोलणार, सगळ्यांसमोर.
ती म्हणाली, "डॉक्टर, टायम लिवा."
कागद पुढे सरकवला.
पेन दिलं, टोपण काढून.
(टोपण काढून. हे मला पुढे कितीतरी वर्षं पुरलं.)

अकरा वाजून बावन्न मिनिटं.
लिहिलं.
"नाडी मोजा, ती पण लिवा."
मोजली. लिहिली.
आकड्यांना एक बरं असतं,
ते तुमच्याकडे बघत नाहीत.
तिसरी गोळी बरोबर मधोमध तुटली.

तोवर तिनं बापाला हाक मारली होती:
"दत्ताराम, मागल्या दारी जा, चूल पेटव,
मोठा टोप भरून पाणी तापत ठेय. धाव!"
तो धावला. ओरडणं त्याच्याबरोबर गेलं.
आईला म्हणाली, "तू हयसर बस. ह्येचे पाय धर.
घट नको. नुसते धर."

मग रात्र होती, आणि दर दहा मिनिटांनी एक ओळ.
खाडीत भरती चढली ती ऐकू आली.
इन्व्हर्टर दोनदा गेला, दोनदा आला.
साडेतीनच्या सुमारास पोराची बोटं कोमट लागली,
तरी मी बोललो नाही कुणाला.
चारला पुन्हा लागली.
मग पोरानंच विचारलं, चेंडू गावलो काय?

उजाडताना सिस्टरला शोधत मागे गेलो.
मोरीवर एकच ट्रे धूत होती,
धुऊन झालेला,
आणि हात असे थरथरत होते तिचे
की ट्रे दगडावर वाजत होता.
मी परत फिरणार होतो.
तिनं पाहिलं. लपवलं नाही काही.
"तेवीस वर्सां झाली," म्हणाली,
"अजून येता. येवंदे.
भयाक बसाक पाट दिलो काय
ता उभ्यान बोंबलणा नाय.
रातभर बसलेला, आता उठला,
जाताना जरा हलवतलाच."

मी विचारलं, ते टोपभर पाणी कशाला हवं होतं?
"च्यायेक," म्हणाली.
"धा माणसा होडीतसून इली ती बघलास नाय?"

तो केसपेपर मी ठेवून घेतला नाही,
तसं करता येत नाही.
पण बदली होऊन निघालो त्या दिवशी
रेकॉर्डच्या खोलीत जाऊन एकदा पाहिला.
पहिल्या ओळीतला बावन्न
वाचताच येत नाही, दोन किडे भांडल्यासारखा.
बारा दोनला रेघेवर आहे, जेमतेम.
बारा बाराला वळण आलंय.
एक वाजताच्या ओळीत तर मी
पूर्णविरामसुद्धा दिलाय.

आणि खाली, समासात, वेगळ्या शाईनं,
कुबल सिस्टरच्या बारीक अक्षरात:
चेंडू गावलो. जाळ्यातच होतो.